आधी आकडा, मग शाळा: मुलांच्या शिक्षणावर किती खर्च करायचा ते कसं ठरवावं

बहुतेक घरांत हा हिशोब उलट्या क्रमाने होतो. आधी शाळा पसंत पडते, मग तिची फी कळते आणि मग 'जमवू कसंतरी' म्हणत पहिला हप्ता भरला जातो. ज्युनियर केजीची फी जमतेच. ओढाताण पाचवी-सहावीत सुरू होते, आणि बारावीनंतर मोठी रक्कम लागते तेव्हा साठवलेलं काही नसतं. पहिल्या दहा-बारा वर्षांतच सगळं खर्चून झालेलं असतं.

म्हणून खालच्या क्रमात शाळेचं नाव पाचव्या पायरीवर येतं. तोवर माहितीपत्रक आणू नका आणि मुलाला घेऊन शाळा बघायला तर मुळीच जाऊ नका. एकदा त्याने तिथली घसरगुंडी पाहिली की वहीतल्या आकड्यांना कुणी विचारत नाही.

बसण्याआधीची तयारी

गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोघांच्या पगारस्लिपा, कर्जाचे आणि विम्याचे हप्ते, आणि एक साधी वही एवढं जवळ ठेवा. हिशोबाला नवरा-बायको दोघांनी बसायचं. एकाने आकडा काढून दुसऱ्याला सांगितला तर पहिल्या पालकसभेनंतर तो मोडतो. आजी-आजोबा, काका-मामा यांचा सल्ला आकडा ठरल्यावर घ्या. फी त्यांना भरायची नसते, त्यामुळे त्यांची शिफारस नेहमीच थोडी महाग असते.

पायरी १: दरमहा खरोखर किती उरतं ते काढा

पगार म्हणजे पॅकेज नव्हे, खात्यात जमा होणारी रक्कम. बोनस, ओव्हरटाइम, इन्सेंटिव्ह यात धरू नका. खर्चात वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टी बारांनी भागून घाला: दिवाळी, लग्नाकार्यातला आहेर, गाडीची दुरुस्ती, घरपट्टी, गावची जत्रा. हिशोब इथेच सर्वांत जास्त वेळा चुकतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. समजा, नाशिकमधलं जोडपं आहे. दोघं नोकरी करतात, मुलगी ४ वर्षांची, मुलगा १ वर्षाचा. दोघांचे मिळून महिन्याला ९०,००० रुपये हातात येतात. खर्च असा:

- घरकर्जाचा हप्ता: २२,०००
- किराणा, दूध, वीज, गॅस, पेट्रोल, मोबाइल: २७,०००
- आईवडिलांची औषधं आणि गावचा खर्च: ६,०००
- टर्म विमा (बचत नसलेला, फक्त जिवाचा) आणि आरोग्य विमा: ३,५००
- वर्षातून एकदा येणारे खर्च, बारांनी भागून: ६,५००
- पीएफखेरीज निवृत्तीसाठी: ६,०००
- अडीअडचणीचा निधी: ३,०००

एकूण ७४,०००. उरले १६,०००. दोन्ही मुलांच्या शिक्षणासाठी या घराकडे आज एवढेच पैसे आहेत: आजचं आणि पुढचं, शाळा आणि कॉलेज, सगळं धरून.

निवृत्तीचे ६,००० तसेच ठेवायचे. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कुणी देत नाही. आज ते पैसे फीकडे वळवले तर वीस वर्षांनी त्याच मुलांना तुम्हाला सांभाळावं लागेल. त्यांच्या डोक्यावरही ते एक कर्जच झालं.

शेतकरी किंवा दुकानदार असाल तर महिन्याचा हिशोब लागू पडत नाही. गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न लिहा आणि त्यातलं सर्वांत वाईट वर्ष धरा. शेतीत आणखी एक पेच असतो. शाळेची फी जूनमध्ये मागितली जाते, आणि बी-बियाणं, खतं, मजुरी यांनाही पैसा त्याच महिन्यात लागतो. सोयाबीन-कापसाचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, उसाचं बिल त्यानंतर. पुढच्या जूनची फी त्याच वेळी सहा-सात महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकायची. ते केलं नाही तर जूनमध्ये फीसाठी सावकार किंवा सोनेतारण हे ठरलेलं.

*तपासा:* उरलेली रक्कम शून्याखाली किंवा अगदी किरकोळ येत असेल तर इथेच थांबू नका. सरळ पाचव्या आणि सातव्या पायरीकडे जा. तुमच्यासाठी उपयोगाचं बरंच काही तिथे आहे.

पायरी २: बारावीनंतरचा वाटा आधी बाजूला काढा

शाळेचा खर्च ठरवण्याआधी कॉलेजचा वाटा वेगळा करायचा. कारण साधं आहे: शाळेत कमी खर्चाचे चांगले पर्याय असतात, वसतिगृहात राहून चार वर्षांचा अभ्यासक्रम करायचा तर पर्याय कमी होतात.

उदाहरणादाखल, खासगी अभियांत्रिकीची फी, राहणं आणि जेवण मिळून आज वर्षाला सव्वादोन लाख, म्हणजे चार वर्षांचे ९ लाख धरू. खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत गेला तर १४ वर्षांनी, मुलगी अठराची होईल तेव्हा, हेच ९ लाख सुमारे २६ लाख ४० हजार झालेले असतील. मुलाच्या वेळी, १७ वर्षांनी, ३३ लाखांच्या पुढे.

हे आकडे पाहून घाबरायचं कारण नाही, कारण सगळी रक्कम आधी जमवायची नसते. निम्मी साठवायची, बाकी तेव्हाच्या पगारातून, सवलतींतून आणि थोड्या कर्जातून भागवायची. निम्म्यासाठी, ९ टक्के परतावा धरला तर, मुलीकरता महिन्याला सुमारे ३,९५० आणि मुलाकरता ३,५०० रुपये लागतात. मिळून ७,४५०. नऊ टक्क्यांची हमी कुणीच देत नाही. सात टक्केच मिळाले तर मुलीचा हप्ता ४,६५० वर जातो. म्हणून थोडं हातचं राखून ठेवा.

पैसे कुठे ठेवायचे यावर फार डोकं चालवू नका, पण दोन गोष्टी नीट बघा. सुकन्या समृद्धी खातं मुलगी १० वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं आणि त्यात वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते. अठराव्या वर्षानंतर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी खात्यातली फक्त निम्मी रक्कम काढता येते. मुलगी ४ वर्षांची असताना खातं उघडलं तर पूर्ण पैसे ती २५ वर्षांची झाल्यावर हातात येतात. सगळी बचत तिथेच ठेवली तर कॉलेजच्या पहिल्या वर्षी पैसे असूनही अडायला होईल. म्हणून निम्मी सुकन्येत, निम्मी म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत (दरमहा ठरलेली रक्कम गुंतवण्याच्या सोयीत) अशी विभागणी करा. एसआयपीतली रक्कम प्रवेशाच्या तीन वर्षं आधीपासून हळूहळू मुदत ठेवीत वळवा.

*सावधान:* ओळखीतला एजंट 'मुलांच्या शिक्षणाची पॉलिसी' घेऊन येईल. विमा आणि बचत एकत्र असलेल्या योजनेत विमा तोकडा पडतो आणि परतावाही. कमावत्या आईबापाचा टर्म विमा वेगळा घ्या, बचत वेगळी करा. नात्यात नाही म्हणणं जड जातं, पण तो हप्ता पुढची वीस वर्षं तुम्हालाच भरायचा आहे.

पायरी ३: उरलेले पैसे भावंडांत आजच वाटा

सोळा हजारांतून ७,४५० गेले, राहिले ८,५५०. मुलगा अजून रांगतोय, म्हणून सगळे पैसे मुलीच्या शाळेला द्यावेसे वाटतात. तीन वर्षांनी तोही शाळेत जाईल. तेव्हा एकतर त्याला स्वस्त शाळेत घालावं लागेल किंवा कॉलेजचा निधी थांबवावा लागेल. घरोघरी यातलं दुसरं होतं.

म्हणून दोन समान वाटे करा: ४,२७५ रुपये महिना, म्हणजे वर्षाला ५१,३०० रुपये प्रत्येकी. हीच शाळेच्या खर्चाची कमाल मर्यादा. मुलाचा वाटा पहिली तीन वर्षं साठत राहील, ते दीड लाखाच्या वर जातात. वाढत्या फीला आणि एखाद्या वाईट वर्षाला तेच उपयोगी पडतील.

एक मूल हुशार आणि दुसरं 'बेताचं' असा निवाडा या वयात करून वाटे कमी-जास्त करू नका. मुलगा-मुलगी हा भेद तर नकोच. वैद्यकीय गरज किंवा अध्ययन अक्षमता असेल तर मात्र त्या मुलाचा वाटा मोठा असायलाच हवा.

पायरी ४: शाळेचा वर्षाचा पूर्ण खर्च मांडा

शाळा जी सांगते ती फी असते, खर्च नव्हे. समजा, एका शाळेची फी वर्षाला ४२,००० आहे. आपल्या मर्यादेत बसते असं वाटेल. आता बाकीचं मिळवा: बस महिना १,८०० प्रमाणे दहा महिन्यांचे १८,०००, वह्या-पुस्तकं ५,५००, गणवेश, पीटीचा वेगळा ड्रेस आणि बूट ४,५००, स्नेहसंमेलन, सहल, प्रोजेक्ट वगैरे ४,०००. बेरीज ७४,०००. मर्यादेपेक्षा २२,७०० जास्त, आणि यात प्रवेशाच्या वेळचं डिपॉझिट धरलेलं नाही.

मग पुढचा काळ बघा. हा खर्च दरवर्षी १० टक्क्यांनी वाढला तर ज्युनियर केजी ते दहावी या बारा वर्षांत ७४,००० गुणिले १२, म्हणजे ८ लाख ८८ हजार होत नाहीत. ते १५ लाख ८० हजारांच्या घरात जातात. शेवटच्या वर्षी एकट्या दहावीचा खर्च २ लाख ११ हजार असेल. पगार त्या वेगाने वाढतो का, हे स्वतःच्या गेल्या पाच वर्षांच्या स्लिपांवरून ताडून बघा.

खर्च कळण्यासाठी शाळेच्या कार्यालयात विचारण्यापेक्षा तिथल्या तिसरी-चौथीतल्या मुलांच्या पालकांना विचारा. गेल्या वर्षी सगळं मिळून किती गेले आणि तीन वर्षांत फी किती वाढली, हे दोनच प्रश्न.

पाळणाघराचा खर्च यात मिसळू नका, तो घरखर्चात धरा. पण शाळा साडेअकराला सुटते आणि तुम्ही सहाला घरी येता, तर त्या शाळेमुळे तो खर्च किती वाढतो हे जरूर पाहा.

पायरी ५: आता शाळा बघा

मर्यादेत बसणाऱ्या शाळांचीच यादी करा. यादीत अनुदानित शाळा आणि जवळची जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा हटकून घाला. अनुदानित शाळांत शिक्षकांचे पगार शासन देतं, त्यामुळे फी नाममात्र असते. त्यातल्या अनेकांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पहिली भेट तिथे द्या. नापसंत पडली तर सोडा, पण न बघता सोडू नका.

बघताना इमारत नाही, वर्ग बघायचा. पहिली ते पाचवीसाठी शिक्षण हक्क कायद्यानुसार तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्ष किती मुलं बसतात ते मोजा. शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा. दरवर्षी निम्मे बदलत असतील तर फीचा पैसा पगारात जात नाही, एवढं उघड आहे. चौथीतल्या मुलांच्या चार वह्या पाहायला मागा. चुका तपासलेल्या दिसतात की नुसती लाल बरोबर-खूण? पोहण्याचा तलाव, एसी बस आणि रोबोटिक्सची खोली यांवर मी तरी एक रुपयाही जास्त देणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. प्रवेशासाठी डोनेशन घेणं बेकायदा आहे, 'बिल्डिंग फंड' असं नाव दिलं तरी. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून ठरवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं कायम राहते. समितीने मंजूर केलेला फीचा तपशील मागा. गणवेश आणि वह्या ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही.

खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा आरटीईखाली (शिक्षण हक्क कायद्याखाली) राखीव असतात. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख आहे. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि सोडत निघते.

*सावधान:* आरटीईची मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागते. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात हे विसरलं जातं. पहिलीपासूनच दरमहा थोडे बाजूला टाका, नाहीतर नववीत शाळा बदलायची तयारी ठेवा.

पायरी ६: क्लासची मर्यादा वेगळी ठरवा

शाळेची मर्यादा पाळणारी घरंही अकरावीत घसरतात. जेईई-नीटच्या दोन वर्षांसाठी लाखांत पैसे जातात आणि ते बहुधा पायरी २ च्या निधीतून काढले जातात. क्लासचे पैसे हवे असतील तर आठवीपासून वेगळे साठवा. कॉलेजचा निधी क्लासला देऊन मिळालेल्या प्रवेशाची फी मग भरायची कशातून?

नाव घालण्याआधी मुलाने त्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका घरी, वेळ लावून सोडवून बघाव्यात. ते काम फुकट होतं आणि त्यातून आवड आहे की नुसता दबाव हेही बऱ्यापैकी कळतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने घेऊ नये आणि मूल मधेच बाहेर पडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी. सहावीपासूनचे 'फाउंडेशन' वर्ग विकायला येतील तेव्हा हे लक्षात ठेवा. फी परतीची अट पावतीवर लिहून घ्या.

*सावधान:* 'सोपे हप्ते' म्हणून पुढे केलेला कागद बहुधा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. मुलाने क्लास सोडला तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडते. सही करण्याआधी कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा. शक्यतो तिमाही फी द्या, दोन वर्षांची एकदम नको.

पायरी ७: कागदपत्रं वेळेत, कारण त्यांची किंमत लाखांत असते

ज्यांना सवलत मिळू शकते त्यांचा सर्वांत मोठा तोटा कागद वेळेत नसल्याने होतो. अधिवास प्रमाणपत्र दहावीतच काढून ठेवा. राखीव गटात असाल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीत द्या, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गटाचा दाखला) यांची मुदत संपते, म्हणून प्रवेशाच्या वर्षी ती तारीख तपासा. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती निम्मं शिक्षण शुल्क देते, तर पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृहासाठी निर्वाह भत्ता मिळतो. अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर करायचा. या सवलती सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला आहेत. संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून गेलात, किंवा खासगी विद्यापीठ निवडलंत, तर शुल्कमाफी मिळत नाही. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायला विसरणारेही पुष्कळ आहेत.

खासगी व्यावसायिक महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय दिलेली असते. पसंतीक्रम भरण्याआधी ती बघा आणि कार्यालयात मागितलेली फी तिच्याशी जुळते का ते पडताळा.

आपल्या उदाहरणातल्या जोडप्याचं उत्पन्न ८ लाखांच्या वर आहे, त्यामुळे त्यांनी या सवलती हिशोबात धरू नयेत. त्यांना मदत होईल ती जुनी करप्रणाली निवडली असेल तर दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर मिळणाऱ्या वजावटीची. तीही दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत.

पायरी ८: कर्जाची हद्द मुलाच्या पहिल्या पगारावरून ठरवा

बँक किती देते हा निकष नव्हे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मुलाच्या अपेक्षित पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसायला हवा. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता सुमारे १३,२००. त्या शाखेतून बाहेर पडलेल्यांना सुरुवातीला महिना ३०,००० हातात मिळत असतील तर हा हप्ता ४४ टक्के होतो. साडेसात लाख घेतले तर ९,९०० च्या आसपास, म्हणजे बसतो. बँकांच्या आदर्श योजनेत तारणाशिवाय मिळणारं कर्जही साधारण साडेसात लाखांपर्यंतच असतं. त्यापुढे घर किंवा जमीन गहाण मागितली जाते. ठराविक नामांकित संस्थांसाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज आहे, आपली संस्था त्या यादीत आहे का ते पाहा.

पहिल्या पगाराचा अंदाज जाहिरातीतल्या 'सर्वोच्च पॅकेज'वरून घेऊ नका. त्या शाखेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलांना विचारा, तेही वर्गात मधल्या नंबरावर असलेल्यांना. शिकत असताना फक्त व्याज भरत राहिलात तर मूळ रक्कम फुगत नाही. एवढं तरी आईबापाने करावं.

गावाकडची जमीन विकून किंवा राहतं घर गहाण टाकून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेणार असाल तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं किंवा शाखा बदलणं यांचा खर्च शेजारी लिहा. दोन्ही आकडे मुलालाही दाखवा.

पायरी ९: दर एप्रिलमध्ये वही उघडा

नव्या वर्षाची फी भरण्याआधी तीन गोष्टी तपासा: गेल्या वर्षी मर्यादा किती ओलांडली, कॉलेजच्या निधीचे हप्ते बारा महिने गेले का, आणि पगार व फी यांत कोण जास्त वाढलं. सलग दोन वर्षं निधीचे हप्ते चुकले असतील तर शाळा परवडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

शाळा बदलायचीच असेल तर पाचवीआधी किंवा आठवीआधी बदला. नववीत सीबीएसईची बोर्डाची नोंदणी होते, त्यानंतर हलवणं किचकट. नव्या शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका. आठवीपर्यंत दाखला मागितल्यावर तो लगेच देणं शाळेवर बंधनकारक आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

मूल आठवीत गेलं की त्यालाही या बैठकीला बसवा आणि कॉलेजसाठी घरात किती साठलंय, किती साठेल ते स्पष्ट सांगा. सतराव्या वर्षी पसंतीक्रम तेच भरणार आहे.